स्वतःचीच नाडी
ओल्या शेणाचा वास आला की मी अजून वाट बदलते. रत्नागिरीत आम्हा हरिजनांच्या वाडीतून नर्सिंगला जाणारी मी पहिलीच. फी एक डॉक्टर भरणार होते आणि तयारीही तेच करून घेत. त्यांच्या पडवीत बसून मी नाडी मोजायला शिकले. "आपलीच धर, म्हणजे लक्षात राहतं," असं ते म्हणत. एका संध्याकाळी विसरलेली छत्री घ्यायला मी परतले, तर मी बसले होते तेवढीच जागा त्यांची बायको हिरव्यागार शेणाने सारवत होती, आणि डॉक्टर शेजारीच झोपाळ्यावर पाहुण्याला सांगत होते, "जातपात आम्ही मानीत नाही हो. या पोरीला नर्स करून दाखवतो." मला बघून बाई म्हणाल्या, "छत्री होय गो? थांब, अंगणात टाकत्ये, उचल." वर्षभरात डॉक्टरांनी स्वतःचं मनगट एकदाही का पुढे केलं नव्हतं, ते मला तेव्हा कळलं. फी मी घेतली, किळस गिळून घेतली. आता मीच नर्सिंगच्या मुलींना शिकवते. नवी मुलगी आली की आधी माझा हात तिच्यापुढे करते आणि म्हणते, "धर गो, माझी मोज."