आमचं लांब गाणं

"हलायचं न्हाय!" रेकॉर्डवर सुई टेकवताना माझा मित्र बोट वर करून दम भरायचा. हातात चहा असला तर घोट तोंडातच धरून बसायचं. उद्यमनगरात आमची दुकानं शेजारी. तो जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करायचा, मी पंप विकायचो. त्याचं घर दुकानामागंच.

मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यानं ती रेकॉर्ड आणली होती, बिनकव्हरची. लाडक्या इंग्रजी रॉक बँडची. तबकडी ताटाएवढी, पण एका बाजूला एकच गाणं, मूळ गाण्यापेक्षा कितीतरी लांबवलेलं. मध्ये नुसती गिटार. "ऐक की लेका, म्हैस कशी डुलत येतीया!" आणि गाणारा असा खर्जात रडायचा, की वहिनी भाकरी थापायच्या थांबायच्या. "आख्ख्या कोल्हापुरात एकच हाय," हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. गडमुडशिंगीचं गिऱ्हाईक घाईत आलं तरी आधी गाणं, मग मोटार.

एकदा पुण्याचा एक पाहुणा आला, रेकॉर्डी जमवणारा. गाणं सुरू झालं आणि गडी हसायलाच लागला. "अहो काका, ही मोठी असली तरी छोट्या रेकॉर्डसारखी जलद फिरवायची असते. इतकी वर्षं तुम्ही चुकीचं ऐकताय!" आणि त्यानं परस्पर वेगाचा खटका सरकवला. काय सांगू तुम्हाला! तोच गायक पोरासारखा टणाटण उड्या मारायला लागला. मला त्या पाहुण्याचा अस्सा राग आला! ज्या गाण्याचा माझ्या मित्रानं जन्मभर तोरा मिरवला, ते असं चारचौघांत उघडं पडावं? त्याच्याकडं बघवेना.

त्यानं मात्र शेवटपर्यंत मन लावून ऐकलं. मग म्हणाला, "पावणं, झकास वाजवत्यात की पोरं! पर हे त्यांचं झालं. आता आमचं ऐका." खटका मागं घेतला आणि पुन्हा सुई टेकवली. पाहुण्यानंही चहाचा घोट तोंडातच धरला. अभिमानानं छाती फुगली माझी, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी तो गेला. घर सुनं झालं, माझं दुकानही. परवा वहिनींनी बोलावलं, "भावजी, तेवढं गाणं लावून द्या." पुसताना कुणाचा तरी हात लागला असणार, खटका जलदवर होता. गाणं टणाटण सुरू झालं, तशा वहिनी पिठाच्या हातानं बाहेर आल्या.

"ह्यो कोण आनि?" डोळे भरलेले, पण आवाजात ठसका. "आमचं लावा की!"