नायकीण खाली उतरली नाही

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी संगिता देविदास आडे हिच्या दोन्ही बाजूंना ढीग लागले होते. डावीकडे गोल गड्डे, उजवीकडे हळकुंडं. मार्चचा दुसरा आठवडा होता. डोंगरकडा गावाबाहेर तातेरावांच्या शेतात हळद शिजवण्याचं काम चालू होऊन नऊ दिवस झाले होते. लिंबाखाली अकरा बाया गोल बसून ओली हळद हातानं मोडत होत्या आणि दहा जणी गप्प होत्या, कारण अकरावी बोलत होती.

“खाली समदं हिरवं गवत. इसापूरच्या कालव्यावानी नदी. नायकिणीनं खिडकीतून पाहिलं अन् म्हणाली, हीच जमीन.”

“आली का एकदाची!” डोंगरकड्याच्या कमलबाई म्हणाल्या. बाकी सगळ्या बंजारा तांड्यावरच्या, पण कमलबाईंना त्यांची गोरमाटी बोली कळत नाही, म्हणून ढिगावरची भाषा मराठी.

पिक्चरचं नाव ‘आसमानी काफिला’. अकरा वर्षांत सात भाग आले, हा शेवटचा. एका सम्राटानं उद्ध्वस्त केलेल्या जगातून निघालेली जहाजं एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्याकडे जमीन शोधत फिरतात. हिंदीत त्यांच्या प्रमुख बाईला कमांडर म्हणतात. संगितानं पहिल्याच दिवशी तिला, तांड्याच्या प्रमुखाला नायक म्हणतात तशी, नायकीण केलं आणि जहाजांना तांडा. ज्यांचे पणजोबा बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घालत होते, त्यांना त्यापुढे काही समजावून सांगावं लागलं नाही.

या टोळीची एक रीत आहे. नवा भाग आला की सगळ्या मिळून तिकीट आणि एसटीचं भाडं काढतात आणि संगिताला नांदेडला पाठवतात. त्या दिवशी तिच्या वाटची हळद बाकीच्या मोडतात. परत आल्यावर ती तीन दिवस पिक्चर सांगते. ती हैदराबादला दोन वर्षं बांधकामावर होती, त्यामुळे हिंदी पक्कं आहे, आणि एकदा पाहिलेलं ती विसरत नाही.

एकदाच घोटाळा झाला. तिसऱ्या भागात टॉकीजच्या गार हवेत तिला डुलकी लागली. जागी झाली तेव्हा नायकिणीचा भाऊ कुठे दिसेना. शेवटपर्यंत दिसला नाही. तिनं अंदाज बांधला आणि ढिगावर सांगून टाकलं, भाऊ मेला. त्या दुपारी म्हाताऱ्या भिकाबाईंनी भाकरी खाल्ली नाही. चौथ्या भागात भाऊ चांगला ठणठणीत चालत आला. संगितानं तेही येऊन सांगितलं. तो अख्खा हंगाम तिला ‘भाऊमारी’ म्हणून हाक होती. तेव्हापासून ती टॉकीजात जाताना पदराच्या गाठीला हिरव्या मिरच्या बांधून नेते. डोळा जड झाला की एक चावते.

साडेदहाच्या सुमारास ती शेवटाला आली.

“समदे उतरले. लेकरं, म्हातारे, सामान. लाकूड न्हाई म्हणून जहाजं मोडून घरं बांधली. एकच जहाज ऱ्हायलं, नायकिणीचं. ती दारापशी आली. पायरीवर पाय ठेवला. खाली पाहिलं. अन् पाय परत घेतला.”

“काहून?”

“दुसऱ्या भागात जी तीन जहाजं मागं सुटली व्हती, त्यांची बत्ती तिला दूर दिसली. तिनं जहाज वळवलं. गेली. संपलं.”

हळद मोडायचा आवाज थांबला.

“संपलं म्हंजे?” कमलबाई म्हणाल्या. “ती पोचली का न्हाई?”

“दाखवलं न्हाई.”

“उतरलीच न्हाई?”

“न्हाई.”

भिकाबाईंनी हातातला गड्डा ढिगात टाकला. तांड्यावर सगळे त्यांना याडी म्हणतात, म्हणजे आई. “अकरा वर्षं ती बाई जमीन धुंडून राहिली. अन् दारात येऊन वापस? कोन्या मूर्खानं काढलं हे?”

“मला आवडलं बगा,” दुसरीकडून एकजण म्हणाली. “मागं सुटलेल्यांना कोन आनणार?”

“तुला आवडलं तर तू जा तिच्यासंगं!”

“याडी, मी काय केलं?” तिनं विचारलं.

मग सगळ्या एकदम बोलू लागल्या. सहाजणी म्हणत होत्या की हा दगा आहे. तिघी म्हणत होत्या की नायकिणीनं बराबर केलं. कमलबाईंचं म्हणणं होतं की अजून एक भाग येणार असेल. तो येणार नव्हता.

“संगे,” भिकाबाई म्हणाल्या, “तुला डुलकी लागली असंल. ती उतरली असंल अन् तू झोपली व्हतीस.”

हा घाव बरोबर जागी बसला. संगितानं पदराची गाठ सोडून दाखवली. रिकामी होती. “पाच मिरच्या नेल्या व्हत्या, याडी. पाची खाल्ल्या. शेवट झाला तवा मलाच वाटलं, माझं काहीतरी सुटलं. बाजूच्या पोराला इचारलं, दादा, ती बाई उतरली का? तो म्हणाला, नही उतरी, पैसे डूब गये. तरी मी बसून ऱ्हायले. नावं सरली, दिवे लागले, झाडू मारनारी बाई आली. तिलाबी इचारलं. ती म्हणाली, चार दिवसांपासून रोज पाहते, रोज वापसच जाते.”

एवढ्यात तातेरावांचा मुलगा स्वप्निल मोटारसायकलवरून आला. वय चोवीस. अंगात जहाजाचं चित्र असलेला टीशर्ट. ‘आसमानी काफिला’च्या चाहत्यांचा जिल्ह्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तो चालवतो. सदस्य दोनशे चौदा होते. शुक्रवारी पिक्चर लागल्यावर निम्म्यांनी त्याला सगळ्यात भारी भाग म्हटलं, निम्म्यांनी चुना लावला म्हटलं, तीसजण ग्रुप सोडून गेले. शेवटी स्वप्निलनं असं करून ठेवलं की ग्रुपवर फक्त त्यालाच लिहिता येईल. तो चुना लावला म्हणणाऱ्यांतला.

“संगिताबाई, तो शेवट आमी मानतच न्हाई,” तो म्हणाला. “लढाई न्हाई, सम्राटाला सजा न्हाई. पोरांनी दुसरा शेवट बनवलाय. हे पाहा.”

अकरा मिनिटांचा व्हिडिओ होता. जुन्या भागांतले तुकडे जोडलेले. नायकीण उतरते, सम्राट मरतो, भावाचं लग्न लागतं. बायांनी फोनभोवती डोकी जमवून पूर्ण पाहिला. भिकाबाईंचा चेहरा उजळला.

“हे सांग की मग!”

“हे पिक्चरात न्हाई, याडी. पोरांनी घरी केलंय.”

“आमाला काय करायचं घरी केलं का दारी केलं? आमच्या पैशानं गेलतीस ना तू? आमी म्हणतो, उतरव तिला खाली.”

“तुमच्या पैशानं गेले म्हणून तर न्हाई उतरवनार. तुमी मला पाहायला पाठवलं व्हतं. पाहिलं ते सांगितलं.”

“भावाला मारलं तवा कुठं पाहिलं व्हतं?”

कोणी हसलं नाही. संगितानं हातातलं हळकुंड मोडलं. मग म्हणाली, “ते एकदा केलं. परत न्हाई.”

कुकरकडून तातेराव आले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसवलेली वाफेची ती टाकी तासाभरापासून तापली होती आणि तिच्यापर्यंत पंचवीस मिनिटांत एक टोपलं आलं नव्हतं. मुकादम प्रेमदास त्यांच्या मागं होता. काय झालं ते स्वप्निलनं सांगितलं. तातेराव पोराकडे वळले.

“यासाठी रिकामा कुकर तापवून राहिलो मी?” ते संगिताला म्हणाले, “अगं, सांगून टाक ना पोरगं म्हणतंय ते. या बाया खूश, काम चालू. तुझं काय जातं?”

“माझं तेवढंच हाय, मालक.”

“काय तेवढंच?”

“मी सांगितलं म्हंजे तसंच असतं, एवढंच. ते गेलं तर ह्या मला काहून पाठवतील? फोनवर पाहतील घरबसल्या.”

“संगिता, तोंड लई झालं,” प्रेमदास म्हणाला. “ऊठ. ढिगावर बसायचं न्हाई आता. कुकरवर जा जाळ घालायला.”

कुकरवर जाळ घालणं हे हळदीतलं सगळ्यात त्रासाचं काम. समोरून आग, वरून वाफ, डोक्यावर ऊन, बोलायला कोणी नाही. प्रेमदासला वाटलं ती हातापाया पडेल. संगितानं पदर कमरेला खोचला, पाण्याची बाटली उचलली आणि निघाली. पाच पावलांवर वळून म्हणाली, “जाळ घालूनबी ती उतरनार न्हाई.”

दुपारभर ढिगावर काम झालं, पण भांडतच. स्वप्निल दोनदा फोन दाखवायला आला. दुसऱ्या वेळी फक्त दोघींनी पाहिला. पाहिलेलं परत पाहण्यात त्यांना काही गंमत वाटेना, आणि फोनला उलटं विचारता येत नव्हतं की पायरीवर पाय ठेवला तेव्हा तिच्या पायात काय होतं.

सव्वाचारला भिकाबाई उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत कुकरपर्यंत चालत आल्या. संगिताचे डोळे धुरानं लाल झाले होते.

“उतरायला पायजे व्हती,” भिकाबाई म्हणाल्या.

“व्हय. मलाबी तसंच वाटलं.”

“मग खोटं बोलायला काय झालं व्हतं, मुडद्ये?”

“तुमीच पुन्हा भाऊमारी म्हणला असता.”

भिकाबाईंनी जाळाकडे पाहिलं. राग गेला नव्हता. “पायरीपासून परत सांग. त्या तीन जहाजांत लेकरं किती व्हती, ते सकाळी सांगितलं न्हाईस.”

“पिक्चरात मोजून न्हाई दाखवली.”

“तर न्हाई म्हण. पर सांग.”

संगितानं एक लाकूड आत सरकवलं आणि सांगितलं. पाय ठेवला, खाली पाहिलं, पाय घेतला, जहाज वळलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. भिकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, “साफ चूक केली तिनं,” असं ठणकावून सांगितलं आणि सरळ तातेरावांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“मालक, उद्या आमी लिंबाखाली बसनार न्हाई. हळद कुकरपशी टाका. आमाला हिच्यासंगं भांडायचंय अजून.”

“उन्हात बसता?”

“डोक्यावर पोतं बांधू.”

तातेरावांनी हिशेब केला. टोपलं वाहून आणायची चाळीस पावलं वाचत होती. त्यांनी प्रेमदासकडे पाहून मान डोलावली.

उद्या सकाळी सहाला बायांना न्यायला जीप तांड्यावर येईल. संगिताचं नाव प्रेमदासच्या वहीत जाळ घालण्यापुढेच आहे. हळदीचा पहिला ढीग कुकरपासून दहा फुटांवर पडणार आहे.