कांचघर ते खोल समुद्र

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्रात इतका खोल उतरलेला माणूस आमच्या साडूंशिवाय अख्ख्या हिंदुस्थानात दुसरा सापडायचा नाही. जबलपुरातून कुठल्याही दिशेने निघा, खारं पाणी दिसेपर्यंत गाडीत बसून कंबर मोडते. साडूंना त्याची गरजच पडली नाही. तिथल्या कांचघर मोहल्ल्यातल्या आपल्या घराच्या ओसरीत, लुंगी-बनियनवर, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ते शंभर मीटर खाली जात आणि चहाच्या वेळेला वर येत. हे मी हसत सांगतोय खरा, पण शेजारच्या खुर्चीत मीच बसलेला असे.

नातं सांगायचं तर ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायकोचं ऐकून मीही त्यांना भाऊजी म्हणतो. ते मला 'ग्रॅज्युएटजी' म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. वडील कारखान्यात माल उचलायचे. माझी डिग्री समोरच्या खोलीत देवांच्या रांगेत टांगलेली आहे आणि आई उदबत्ती ओवाळताना तिला वगळत नाही. अशा माणसाला 'मला हे येत नाही' म्हणणं जमत नाही. सासरच्या गोतावळ्यात इंग्रजीत छापलेलं काहीही आलं, मिक्सरसोबतचं पुस्तक असो की खोकल्याच्या औषधातला कागद, ते माझ्याकडे पोचतं. मी चष्मा चढवून 'हं, बघू' म्हणतो. वाचलेलं अर्धं कळतं, पण 'हं' मात्र सगळं कळल्यासारखं निघतं.

भाऊजी मालगाडीचे गार्ड होते. नोकरी संपली तशी गाडी सुटली, गार्डपण काही सुटलं नाही. लग्नाहून परत निघताना सगळे बसमध्ये बसले तरी ते मागे जाऊन शेवटच्या सीटवरच्या माणसाच्या खांद्याला हात लावून येत, मगच ड्रायव्हरला इशारा. एकदा मझौलीहून परतताना माणसं बरोबर भरली, इशारा झाला, आणि अर्ध्या वाटेत कळलं की मागच्या सीटवरच्या आजीबाई मुलीकडच्या आहेत आणि आमच्या मावशी मांडवात पान चघळत बसल्यात. भाऊजी जराही डगमगले नाहीत. "गिनती बराबर होती," म्हणाले, "माणूस बदलला त्याले मी काय करू?" स्कूटरवरून नर्मदेच्या घाटाकडे जातानाही त्यांचे ठरलेले थांबे असत. काम काही नसे. स्कूटर झाडाखाली उभी राही, आम्ही दोघे रस्त्याकडे बघत. "काहून थांबलो भाऊजी?" मी विचारी. "थांबा आहे," ते म्हणत. तेवढ्यावर विषय संपे.

अशा माणसाला एके दिवशी मोबाईलवर एक पाणबुड्या दिसला. पाठीवर टाक्या, हातात भाला, आजूबाजूला शाईसारखा अंधार. वर येताना तो सरळ येईना. थोडं वर, मग थांबा. आणखी थोडं वर, पुन्हा थांबा. भाऊजींनी मला रिछाईच्या कारखान्यांच्या वस्तीतून, भर ऑफिसातून बोलावून घेतलं. "ग्रॅज्युएटजी, हा माणूस ठिकठिकाणी काहून थांबून राहिला?" मी दोन दिवस वाचून आलो आणि सांगितलं की, खोल पाण्यात श्वासातला वायू रक्तात मुरतो. घाईने वर आलं तर सोड्याच्या बाटलीसारखा फसफसतो, आणि माणूस मरतोसुद्धा. म्हणून थांबे सक्तीचे. भाऊजींचा चेहरा असा उजळला की, त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तसा नाही. "म्हणजे कायदाच आहे!" ते म्हणाले. मग जरा हळू आवाजात, "जिंदगीभर शेवटच्या डब्यात बसून मागं सुटलेलंच पाहिलं. आता जे कोणी पाहिलं नाही ते खाली जाऊन पाहाचं आहे मले." मी म्हणालो, "हं, बघू."

झालं. ओसरीच्या भिंतीवर खडूने शिडी उभी राहिली. अक्षर त्यांचं, अक्कल माझी. सगळ्यात खाली पोहणं. त्यावर टाकी लावून बुडी मारायचा पहिला कोर्स, मग त्याच्या पुढचा. मग जास्त ऑक्सिजनवाली हवा वापरण्याचा, मग थांबे घेत वर येण्याचा, मग हेलियम मिसळलेल्या हवेचा, म्हणजे खूप खोल गेल्यावर डोकं दारू प्यायल्यासारखं फिरत नाही. सगळ्यात वर भाला. एक अख्खा हिवाळा मी या भिंतीसमोर हातवारे करत असा काही बोललो की, गल्लीतले लोक मला समुद्री खात्यातला समजायला लागले. आणि मी? नर्मदेकाठी वाढलो, पण पाणी कमरेच्या वर कधी येऊ दिलं नाही. घाटावर पर्वणीची आंघोळसुद्धा मी दुसऱ्या पायरीवर बसून लोट्याने करतो.

भाऊजींनी शिडी वरच्या टोकाकडून चढायला घेतली. आधी भाला करून आणला, रिछाईतल्या एका लेथवाल्याकडून, टोकाला आकड्यासकट. ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, त्याने शेवग्याच्या शेंगा काढायला सुरुवात केली. त्या अंगणातून ऐकू जाईल असं बोलत, "घरात रोहू आणला तर काटे मी काढून देते यांना, आणि निघाले समुद्रात शिकार कराले! आन हे दुसरे, शिकले-सवरलेले, हे तर उकळलेलं पाणीबी घाबरत पितात." मी एकदा धीर करून भाऊजींना वाचून दाखवलं की, टाकी लावून भाल्याने मासे मारायला पुष्कळ ठिकाणी बंदी आहे. त्यांनी विचार केला. "मग मासा दिसला तर भाला फक्त दाखवू," म्हणाले, "आणि सोडून देऊ. आपल्याले काय पकोडे तळाचे आहेत?"

घोटाळा एकाच ठिकाणी झाला, आणि तो मी केला. मी वाचत होतो त्या पुस्तकात लिहिलं होतं, पाण्यात एकट्याने उतरायचं नाही, जोडीदार लागतो. मी मोठ्या ऐटीत भिंतीवर जोडीदार म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. जोडीदारालाही पाण्यात उतरावं लागतं हे मला उन्हाळ्यात, तरणतलावाच्या काठावर, बायकोने शिवून दिलेल्या निळ्या चड्डीत उभं असताना समजलं.

शिकवणारी मुलगी विशीतली. सगळे तिला दीदी म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. "अंकल, मुँह पानी में डालो." भाऊजींनी घातलं. काही दिवसांत ते पाण्यावर पाटासारखे तरंगू लागले, पोट वर, चेहऱ्यावर समाधान. मी कठड्याचा दांडा धरून उभा. "छोड़ो अंकल, छाती तक ही तो पानी है!" मी तिला तरंगण्याच्या शास्त्राबद्दल काही सांगू लागलो. ती म्हणाली, "वो सब मालूम है अंकल, आप बस डंडा छोड़ो." दांडा काही सुटला नाही.

मग भाऊजींनी पहिल्यांदा डोकं पार तळापर्यंत खाली नेलं, आणि कान धरूनच वर आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. कानाच्या डॉक्टरांकडे मी सोबत गेलो. कानात नळी घालून त्यांनी बराच वेळ पाहिलं. पडद्याला भोक आहे, म्हणाले, खूप जुनं. ऑपरेशन करता येईल, पण या वयात खोल पाण्याच्या दाबाचं नाव काढू नका. भाऊजींनी शांतपणे विचारलं, "फिर कितनी गहराई तक चलेगा, डॉक्टर साहब?" डॉक्टरांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. ते हसले. "बाल्टी तक, अंकल. वो भी कान बचा के."

मीही हसलो, सवयीने. भाऊजी हसले नाहीत. जिन्यात ते कठडा धरून उभे राहिले, आणि मी चष्मा चढवून डॉक्टरांची चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. घरी ताईंना त्यांनी सांगितलं, "मळ होता, काढला." मला फाटकाशी सोडताना म्हणाले, "उद्या पोहाले येजा."

"आता कशाला भाऊजी?"

"जोडीतला एक बिमार पडला म्हणून दुसऱ्यानं काहून घरी बसाचं?"

दुसऱ्या दिवशी ते कानात कापूस घालून, पँट दुमडून काठावर बसले होते, पाय पाण्यात. मी नेहमीच्या जागी, दांड्याशी. ते पाण्याकडे पाहत होते, आणि ते पाहणं मला बघवेना. मी नाक चिमटीत धरलं, मनात आईला हाक मारली आणि खाली गेलो. लगेच वर आलो, खोकत, शेंबूड गाळत.

"काय दिसलं?" भाऊजी पुढे झुकले होते.

"काही नाही. फरशी."

ते "अच्छा" म्हणाले आणि मागे सरकले. असं 'अच्छा' मी कधी ऐकलं नव्हतं. मी पुन्हा गेलो. या खेपेला डोळे उघडे ठेवले. कुठल्या तरी क्षणी दांड्यावरचा हात सुटल्याचं लक्षात आलं, पण तेव्हा बघायचं काम चाललं होतं.

वर आलो तेव्हा डोळे चुरचुरत होते. भाऊजींनी चांगला कान माझ्याकडे केला. मी सांगू लागलो. खाली उन्हाचं जाळं पसरलंय, ते सारखं हलतं. एका फरशीचा कोपरा उडालाय, तिथे कुणाची तरी केसांची पिन अडकलीय. तुमचे पाय खालून फार लांब दिसतात भाऊजी, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. 

"आणि आवाज?"

आवाज नाही. सगळं बंद होतं. फक्त आपल्याच छातीत काहीतरी ठोकत असतं.

त्यांनी डोळे मिटले होते. "सावकाश," ते म्हणाले, "सगळं सांगा." ते पाणी जेमतेम माझ्या छातीइतकं, आणि पाहिलं होतं ते केव्हाच सांगून संपलं होतं. तरी मी सांगत राहिलो.