रविवारच्या फुल्या

आईनं मला आपणहून सांगितलं नाही. मला कळलं ते घरामागच्या दोरीवरून. बाकीचं धुणं सकाळीच झालेलं असायचं, आणि आठवड्यातून तीन-चारदा भर दुपारी तिथं तिचं एकच पातळ वाळत असायचं. मी विचारलं तर म्हणाली, खिचडी सांडली. आई गावातल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. पण ओल्या पातळाचा वास खिचडीचा नव्हता.

शेवटी तांदूळ निवडता निवडता, माझ्याकडं न बघता तिनं सांगितलं. शी लागल्याचं कळत नाही, कळेपर्यंत झालेली असते. माझ्या जन्मापासून थोडंथोडं होतं, दोन वर्षांपासून वाढलंय. वडिलांनाही माहीत नव्हतं. मग ती म्हणाली, "हे कळल्यावर कोण आपलं लेकरू माझ्या हातचं खाऊ दील?"

मी तिच्या शेजारी बसून तांदूळ निवडायला लागले.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून दवाखाना, फॉर्म, बँक सगळं माझ्याकडंच. उमरग्याला मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिथल्या एका डॉक्टरबाईंकडं आईला नेलं. तपासून त्या म्हणाल्या, बाळंतपणात आतला स्नायू फाटलाय, तो नीट जुळलाच नाही. ते बाळंतपण माझं होतं. आई छताकडं बघत होती.

ऑपरेशनचं आत्ताच बघायला नको, म्हणाल्या. इसबगोल, भरपूर पाणी आणि वेळेवर जेवण, म्हणजे शौच बांधून होईल. गरज पडेल तेव्हा शौच घट्ट करणारी गोळी. शिवाय वारा अडवून धरतो तसं खालून आवळून धरायचं आणि सोडायचं, असा व्यायाम. एवढ्यानं भागलं नाही तर सोलापूरला मशीनवर तो स्नायू ओळखायला शिकवतात, बरोबर आवळला की पडद्यावर रेघ वर जाते. घोट्याजवळच्या शिरेला हलका करंट द्यायचा उपायही आहे, पण त्यानं सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. पहिले तीन उपाय एकत्र करा आणि तीन महिने धीर धरा, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मी सगळं प्रॅक्टिकलच्या वहीत लिहून घेतलं, आणि तिथंच चुकले. मला तीन महिने थांबवत नव्हतं. शाळेत कुणाच्या लक्षात यायच्या आत आई बरी व्हायला हवी होती. मग मी वहीत रकाने पाडले. दोन आठवडे नुसतं इसबगोल, दोन आठवडे गोळी, दोन आठवडे व्यायाम. ज्याचा गुण जास्त, ते पुढं चालू ठेवायचं. संध्याकाळी आईला विचारायचं आणि खूण करायची. दिवस कोरडा गेला तर बरोबर, नाहीतर फुली.

बरोबरच्या खुणा भराभर येत गेल्या. इसबगोलनं आल्या, गोळीनं आल्या, व्यायामानंही आल्या. फुल्या फक्त रविवारी. मला वाटलं, रविवारी घरच्या कामात औषध चुकत असेल. तिन्ही उपाय सारखेच कसे लागू पडतात, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी बी.एस्सी. करते. पण मला आनंद झाला होता.

सहाव्या आठवड्यात आई शाळेच्या चुलीपुढं चक्कर येऊन पडली. तिच्या जोडीला खिचडी शिजवणाऱ्या मावशी तिला धरून घरी घेऊन आल्या. मी नेमकी घरी होते. मावशींनी आधी तिलाच सुनावलं.

"सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार लक्ष्मीचा, शनिवार मारुतीचा. बुधवारी म्हणं पोटात कळ. आगं, देव तरी एवढं मोजत असतील व्हय?"

मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पोरी, तुझी आई पाण्याचा घोटबी घेत न्हाय शाळंत. लई देवाची झाली."

मी वही काढली. शाळेला सुट्टी फक्त रविवारी. रात्री माझ्यासमोर चार घास खायची, पण दिवसा आई जेवायची ती फक्त रविवारी.

पोटात काही नसेल तर बाहेर काय येणार? उपवासाला आपल्याकडं कुणी काही विचारत नाही, उलट पाया पडतात. त्या आडोशाला ती किती दिवस उपाशी राहिली होती कोण जाणे. इसबगोलही तिनं दोन घोट पाण्यावर घेतलं होतं.

मावशी गेल्यावर मी विचारलं, "मला खोटं का सांगितलंस?"

"खोटं कुठं? कोरडीच होते की." मग म्हणाली, "आन् बरोबरची खूण केली की तुझं तोंड बघावं वाटायचं."

मी वही मिटून चुलीपाशी जाऊन बसले. रडले. तिला आवाज येऊ नये म्हणून भांडी घासत रडले.

डॉक्टरबाई मला रागावल्या, आईला नाही. वजन बघितलं, रक्त तपासायला दिलं. रोज जेवायचं, पाणी प्यायचं, तिन्ही उपाय एकत्र. व्यायाम करून दाखवायला सांगितला तर आई श्वास रोखून उलट खाली जोर लावत होती. वर ओढायचं असतं, हे त्यांनी तिचा हात तिच्याच पोटावर ठेवून शिकवलं. सोलापूरचं तीन महिन्यांनी बघू, म्हणाल्या.

सोमवारी सकाळी मी अर्धी भाकरी आणि वरण तिच्यापुढं ठेवलं. ती दाराकडं बघत, औषध गिळावं तसं एकेक घास गिळत होती. पिशवीत दुसरं पातळ आणि पॅड घालून दिलं. मी कॉलेजला गेले नाही.

दुपारी ती आली ती दुसरं पातळ नेसूनच.

खिचडी वाढताना झालं, म्हणाली. मावशींनी तिच्या हातातली पळी काढून घेतली आणि एवढंच म्हटलं, "जा, म्या वाढते." त्यांना कळलं की नाही, आईला ठाऊक नाही. उद्या त्या काही बोलतील का, हेही नाही.

मी फुली मारली. तिनं ती बराच वेळ पाहिली.

"आधीच्या समद्या खोड," म्हणाली.

मी सहाही आठवड्यांच्या खुणा खोडल्या. आज गुरुवार, नव्या पानावरचा चौथा दिवस. तीन फुल्या झाल्यात. मावशी अजून काही बोललेल्या नाहीत. आई अर्धी भाकरी खाऊन शाळेत गेलीय, आणि मी घरामागच्या दोरीकडं बघत बसलेय.