आईनं कुटलेलं बेट

इचोड्याच्या आमच्या घरात त्या दिवशी मी जो आरडाओरडा केला, तो हायवेवरच्या ढाब्यापर्यंत गेला असणार. मी आदिलाबादला जाऊन येईपर्यंत आईनं माझा दगड कुटून ठेवला होता.

साधासुधा दगड नव्हता हो! नार्नूरजवळच्या एका शेतात विहीर खणताना निघालेला, हिरवट काळा, नारळाएवढा. ती विहीर आता बांधून झाली, तिचा मलबा रस्त्याखाली गेला, आणि उरलेला एकुलता एक तुकडा माझ्याकडे होता. हा खडक शेकडो कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या ज्वालामुखी बेटांचा आहे, असं मी प्रबंधात ठासून लिहिलं होतं. माझे मार्गदर्शक सर शांतपणे म्हणाले होते, "यात नायोबियम कमी निघालं तर खरं. कमी नाही निघालं, तर तो सगळा भाग काढून टाक." तीन वर्षांची मेहनत आणि तिची सगळी भिस्त त्या नारळावर!

सकाळी चहा पिताना "याची भुकटी करायचीये, मैद्यासारखी" असं मीच बडबडले होते. ती प्रयोगशाळेत, लोखंड मिसळू नये म्हणून अकीकाच्या खलात करतात, हे सांगायचं राहिलं. आणि आईला तर हात बांधून बसणं म्हणजे शिक्षाच. तिनं आधी घण काढला, मग लोखंडी खलबत्ता, मग भुकटी धुतलेल्या फडक्यातून वस्त्रगाळ केली, आणि स्टीलचा डबा माझ्यापुढं ठेवून लाडानं हसली.

"माय वं! लोखंडात कुटलं?"

"काऊन? खल घासून घेतला ना मी. मिरचीचा वास बी नाई, पाह्य."

मी भोकाड पसरलं. रडता रडता डबा हुंगला, तर खरंच मिरचीचा वास नव्हता, आणि मला फस्सकन हसू फुटलं. निवृत्त मास्तर असलेले बाबा पेपराआड आधीपासूनच हसत होते. मग तिघांनाही आवरेना.

"पर पाह्यतं काय त्यात, थे त सांग," आई डोळे पुसत म्हणाली.

मी सांगितलं. समुद्राचा एक तळ दुसऱ्याच्या खाली घुसला. खोल गेल्यावर तापला, त्यातलं पाणी वर सुटलं, त्या पाण्यानं वरचा खडक वितळला आणि बेटांची रांग उभी राहिली. पाण्यानं येताना बरंच काही सोबत आणलं. नायोबियम हे मूलद्रव्य मात्र खालीच राहिलं, चहा गाळल्यावर चोथा राहतो तसं. म्हणून बेटावरच्या दगडात ते कमी असतं.

"अन् माह्या खलात हाये का थे?"

तिच्या त्या जुन्या बिडाच्या खलात नायोबियम कुठून येणार? आणि चुकून आलंच, तर आकडा वाढेल. कमी कसा होईल? लोखंडाचा आकडा गेला उडत, पण मला हवा होता तो पुरावा शाबूत होता! एवढ्या कुटाकुटीनंतरही नायोबियम कमीच निघालं, तर ते कमीच! मी आईला उचलून गरागरा फिरवलं.

"पाडशीन वं मले!"

हैदराबादच्या प्रयोगशाळेतून भुकटीचा निकाल आला तेव्हा मी बसस्टँडवर होते. आलेखात नायोबियमपाशी रेघ धाडकन खाली गेली होती. मी तिथंच नाचले, चार माणसांदेखत, पिशव्यांसकट. आमच्या नार्नूरच्या कापसाखाली बेट होतं!

नमुना कसा कुटला, ते प्रबंधात लिहावंच लागतं. मी खरं तेच लिहिलं. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि ते वाक्य राहू दिलं. घरी येऊन मी ते आईला मराठीत करून ऐकवलं: "हा नमुना लेखिकेच्या आईने लोखंडी खलबत्त्यात हाताने कुटला."

मला वाटलं, ती हसेल. तिनं निवडायला घेतलेलं सूप खाली ठेवलं.

"तुह्या बाबाले नोकरी लागाच्या आधी रोडावर लई गिट्टी फोडली बाई मी. तू पोटात होती तवा बी. कोनी लिहून नाई ठेवलं."

मी तिच्याजवळ सरकून बसले.

"आखीन एकदा वाच," ती म्हणाली.

मी वाचायला लागले, आणि 'आईने' या शब्दापुढं मला जाताच येईना.