खोटे दहा लाख, खरे सहा

आमच्या समोरच्या ब्लॉकमधले आत्माराम गोताड गॅसचा सिलिंडर वजन केल्याशिवाय घरात घेत नाहीत. त्यासाठी त्यांनी गॅलरीत स्वतःचा वजनकाटा टांगून ठेवलाय. त्यावरचा आकडा वाचायचा तोही त्यांनीच. बायकोच्या डोळ्यांवरसुद्धा भरवसा नाही. केबिन रोडला पाव किलो भेंडी घ्यायची तर हा गृहस्थ तीन गाड्या फिरतो. सव्वीस वर्षं काशीमीऱ्याच्या एका गोदामात त्यांनी माल मोजून घेतला, आणि एक खोकं कमी भरलं तरी ट्रक सोडला नाही. एवढा चोख माणूस. आणि अशी माणसं वेडेपणा करायला बसली की तोही चोखच करतात.

गेल्या वर्षी ते गोदाम भिवंडीला हललं आणि आत्मारामभावजींच्या हातावर हिशोबाचे सहा लाख ठेवले गेले. वय चौपन्न, नवी नोकरी कोण देतो? बायको सुलू डबे करते, त्यावर घर चालतं. ते सहा लाख म्हणजे दोघांचं म्हातारपण होतं, आणि ही गोष्ट अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होती.

त्यांची मुलगी रुचिता कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या कॉलेजात गुंतवणूक शिकवतात म्हणे. कशी, तर प्रत्येकाला मोबाइलवर दहा लाख खोटे रुपये द्यायचे, बाजारातल्या खऱ्या भावाने त्यांचे शेअर घ्यायला-विकायला लावायचे, आणि तीन महिन्यांनी ज्याचे सगळ्यात जास्त होतील त्याला कप आणि पाच हजार रुपये. सगळे पैसे एकाच शेअरमध्ये घालू नका, हे पहिल्या तासाला शिकवायचं आणि स्पर्धा मात्र अशी ठेवायची की घालेल त्यालाच कप मिळावा. मी तीस वर्षं विम्याच्या कचेरीत काढली, पण असला शहाणपणा फी घेऊन विकताना कुणाला पाहिलं नव्हतं.

एकशे ऐंशी पोरांत रुचिता पहिली आली. दहा लाखांचे सतरा लाख चाळीस हजार! दोन दिवसांत सोसायटीच्या गेटवर बॅनर लागला. रुचिताचा फोटो एवढासा आणि खाली कमिटीच्या सात जणांचे तिच्या दुप्पट. पैसे खोटे होते हे छापायला मात्र जागा उरली नव्हती.

मग रांग लागली. तळमजल्यावरचे जितेशभाई, जे लिफ्टच्या दुरुस्तीचे पैसे वर्षभर देत नाहीत, ते जिन्यात तिला अडवून म्हणाले, "बेटा, मेरा भी दो लाख लगा दे ना. अंकल समझ के." आत्मारामभावजी तर जमिनीवर नव्हतेच. मला म्हणाले, "शुभदावैनी, मी पण ठरवलंय. सहाच्या सहा लाख पोरीकडे देतोय."

"भावजी, अहो ते खोटे पैसे होते!"

"पैसे खोटे असतील वैनी, पण भाव तर खरे होते ना?"

खोटं कशाला बोलू, घरी येऊन मीही माझ्या पन्नास हजारांच्या ठेवीची पावती शोधली. दुसऱ्याला हसताना आपले दात दिसतात, दुसरं काय!

सोसायटीच्या सत्यनारायणाला तिचा सत्कार ठेवला होता. शाल झाली, नारळ झाला, आणि भावजींनी माइक घेतला. "उद्या बँकेत जाऊन माझे सगळे पैसे मी रुचिताच्या हवाली करतोय," त्यांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. सुलूने डोळे पुसले.

रुचिताचा चेहरा पांढरा पडला होता. तिने बापाच्या हातून माइक काढून घेतला.

"पप्पा, नका देऊ. मी एकटी खेळत नव्हते. इशिता, मिनल, संजना आणि मी, आम्ही चौघी होतो. सगळ्यात जास्त वरखाली होणारे चार शेअर काढले आणि आईच्या भिशीत टाकतात ना, तशा चिठ्ठ्या टाकल्या. जिला जो शेअर येईल, तिने सगळे दहा लाख त्यातच घालायचे. एखादा तरी वर जाईल. मग बक्षिसाचे पाच हजार चौघींत वाटायचे."

"मग?" भावजींनी विचारलं.

"मग माझी चिठ्ठी लागली. त्या तिघी शेवटच्या तीन नंबरांत आहेत. संजनाकडे दहातले दोन लाख उरलेत. ती चिठ्ठी मला आली असती तर?"

ती भिशी मी चालवते. चिठ्ठी उचलण्यात अक्कल लागत नाही, हे मला कुणी सांगायला नको. तरी पावती शोधली होतीच.

"वो सब ठीक है," जितेशभाई मागून ओरडले, "लेकिन शेअर कौन सा था?"

भावजींनी तिकडे पाहिलंच नाही. "म्हणजे तीन महिन्यांत तू काहीच शिकली नाहीस?"

"शिकले ना, पप्पा. म्हणून तर नको म्हणतेय."

तेव्हा टाळ्या वाजवायला हव्या होत्या. एकानेही वाजवल्या नाहीत, मीही नाही. मला अजून त्याची लाज वाटते. शिऱ्याचे द्रोण घेऊन सगळे घरोघर गेले.

सोमवारी तिने कॉलेजातही सांगून टाकलं आणि कप परत गेला. बॅनर कमिटीने त्याच्या आधीच उतरवला होता. सातही जणांना एकाएकी आपली तोंडं झाकावीशी वाटली. भावजींनी पैसे मुदतीच्या ठेवीत घातले, पण पोरीशी तीन आठवडे बोलले नाहीत. "निदान कप तरी ठेवायचा होतास," एवढंच एकदा भिंतीकडे बघून म्हणाले. सव्वीस वर्षं दुसऱ्याची खोकी मोजणाऱ्याला स्वतःच्या घरातलं सोनं कळू नये, याचा मला फार राग आला होता.

परवा सिलिंडर आला. मी माझ्या दारात उभी होते. भावजींनी तो काट्याला अडकवला, आणि स्वतः न वाकता आत हाक मारली.

"रुचिता, ये गं. काटा वाच."

ती आली, वाकली आणि म्हणाली, "एकोणतीस किलो सातशे."

भावजींनी मान हलवली आणि सिलिंडर उचलून आत नेला. त्यांनी पुन्हा वाचून पाहिलं नाही.