हुग्गीपायी मोडलेला रोजा

लग्न होऊन बेळगावहून निपाणीला आले तेव्हा पहिला महिनाभर मी नुसती शिंकत होते. घराला लागून तंबाखूची वखार, आणि वारा फिरला की सगळी भुकटी आमच्या चुलीपाशी. माहेरी मी लाडाची आणि तोंडाची फटकळ. पण सासूसमोर शिंकायचीसुद्धा चोरी वाटायची, इतक्या त्या अबोल. त्यांना आम्ही अम्मा म्हणायचो.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की सोमवारी आणि गुरुवारी अम्मांच्या वाटणीची भाकरी उरते. आधी वाटलं, माझ्या हातचं आवडत नसेल. रागच आला मला. एक दिवस सरळ विचारलं, तर म्हणाल्या, "रोजा हाय माझा. बोंबलू नकोस गावभर."

"रमजान तर कधीच झाला की!"

"त्यो फर्जाचा. त्यो सगळ्यांनीच धरायचा. ह्यो नफील, माझ्या खुशीचा. कुणी सांगितला न्हाय, कुणी विचारणार न्हाय. माझं आणि त्याचं काय ते."

अम्मांचं माहेर कोल्हापूरच्या बाजूचं, त्यामुळे घरात बाकी सगळे दखनी बोलले तरी त्यांचा राग आणि माया दोन्ही मराठीतच. त्या बोलल्या आणि पुन्हा धुण्याला लागल्या. ऊन मी म्हणत होतं, पण तोंडावर तहानेचं नाव नाही. उलट त्या दिवशी ओठाला काळं दातवण जरा जास्तच घासलेलं, म्हणजे कुणाला सुकलेले ओठ दिसू नयेत.

परसात कमरेएवढी भिंत होती आणि भिंतीपलीकडे जैनांचं घर. त्या घरातल्या थोरल्या बाईंना सगळी गल्ली आक्का म्हणायची, आणि आक्का अम्मांना भाभी म्हणायच्या. अम्मा आणि आक्का एकाच साली लग्न होऊन त्या गल्लीत आलेल्या. दुपारी भिंतीच्या दोन अंगांना दोघी पान खात उभ्या राहायच्या, आणि मराठीत सुरू झालेली गोष्ट आक्का कानडीत संपवायच्या. आमच्या घरचं शिजलेलं त्या खात नसत, ते अम्मांना ठाऊक होतं आणि त्याचं वाईट कधी वाटलं नाही. पानाला मात्र आडकाठी नव्हती. फक्त सोमवार-गुरुवारी अम्मा काहीतरी निमित्त काढून पान टाळायच्या, रोजाचं आक्कांनाही ठाऊक नव्हतं.

ती भिंतीवरची मैफल एका कोंबडीनं बुडवली. आमची तांबडी कोंबडी भिंत ओलांडून गेली आणि आक्कांच्या वाळत घातलेल्या सांडग्यांत मनसोक्त नाचून आली. आक्कांनी सगळे सांडगे उकिरड्यावर ओतले आणि तिथूनच ओरडल्या, "तुम्हा लोकांस्नी सोवळं-ओवळं काय कळतंय!"

मी पदर खोचून निघालेच होते. अम्मांनी मनगट धरलं. त्या आठवड्यात त्यांनी घरातली एकूण एक कोंबडी देऊन टाकली, पण भिंतीपाशी काही गेल्या नाहीत. आक्काही आल्या नाहीत. उन्हाळा गेला, पाऊस आला, दोघी पाठीला पाठ लावून धुणं वाळत घालायच्या. अम्मा पान खायच्याच बंद झाल्या. संध्याकाळी रोजा सोडताना हात पसरून काय मागायच्या कोण जाणे, पण नजर भिंतीकडे असायची. मला तर त्या बाईचा असा संताप यायचा! एवढी वर्षांची सोबत, आणि सांडग्यांपायी?

भादव्यात जैनांचं मोठं पर्व येतं. उपवास, पूजा सगळं आटोपलं की त्यांच्यात एक दिवस असतो. वर्षभरात ज्याला दुखावलं असेल त्याच्या दारी जाऊन हात जोडायचे. त्या दिवशी सोमवार होता. मी जोंधळे पाखडत बसले होते, तर पुढच्या दारात आक्का. उपवासांनी चेहरा उतरलेला, हातात झाकलेली वाटी. अम्मा आतून दारापाशी आल्या.

"भाभी, चुकलं माझं. तोंडातनं नको ते गेलं. क्षमा कर," म्हणाल्या आणि वाटी पुढं केली. गव्हाची खीर होती, आमच्याकडं तिला हुग्गी म्हणतात. "एक घास खा माझ्यासमोर. न्हाय खाल्लास तर मी समजीन, मनातनं गेलं न्हाय तुझ्या."

अम्मांचा तर सोमवारचा रोजा. रोजा आहे म्हणून सांगावं तर आक्कांना वाटणार, निमित्त सांगतेय. रमजान होऊन महिने लोटले, आता कसला रोजा? त्या वाटी घेऊन परत गेल्या असत्या, तर पुन्हा आल्या नसत्या.

अम्मांनी वाटीत बोटं घातली आणि घास तोंडात टाकला. मग दुसरा. सगळी वाटी चाटून पुसून खाल्ली. आक्का डोळे पुसत हसायला लागल्या आणि अम्माही.

त्या गेल्यावर मी उसळले. "सकाळपासनं कोरड्या घशानं राबलात, आणि खिरीच्या वाटीसाठी मोडलात?"

"फर्जाचा असता तर मान कापली तरी मोडला नसता," अम्मा म्हणाल्या. "ह्यो माझ्या खुशीचा. आणि ज्याच्यासाठी इतके सोमवार हात पसरले ते त्यानं दारात आणून उभं केलं. ते माघारी धाडून उपाशी ऱ्हायले असते, तर ती कुणाची बंदगी झाली गं? उद्या धरीन बदली."

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीवरून हाक आली, "भाभी, ये की पान खायाला!" अम्मा घरातूनच काहीबाही सांगायला लागल्या. माझ्यानं राहवेना. "रोजा आहे त्यांचा! काल तुमच्या हुग्गीपायी मोडला तो!" अम्मांनी असे डोळे वटारले! आक्का मात्र हातातलं पान तसंच घेऊन आत गेल्या.

संध्याकाळी त्या पुन्हा भिंतीशी येऊन उभ्या. त्यांच्यात दिवस मावळला की अन्न नाही, पाणीही नाही. त्यांची सून आतून बोलावत होती, "अत्ते, ताट वाढलंय, दिवस बुडाया लागला!" आक्का हलल्या नाहीत. मशिदीतून बांग आली, अम्मांनी तांब्या तोंडाला लावला.

"घेतलंस का गं पाणी?" आक्कांनी विचारलं.

"घेतलं."

"बरं झालं," म्हणाल्या आणि गेल्या.

"खुळी बाई. आता सकाळपत्तुर थेंब न्हाय तिला," अम्मा म्हणाल्या आणि तांब्या हातात धरून रडायलाच लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आक्कांना चांगलं झापलं. त्यानंतर आक्का आपलं वेळेवर जेवून यायच्या, पण सोमवार-गुरुवार बांगेच्या वेळी भिंतीशी येऊन विचारणं त्यांनी वर्षानुवर्षं चुकवलं नाही.

देश स्वतंत्र होणार म्हणून गल्लीत गप्पा रंगायला लागल्या, त्या सुमारास अम्मा गेल्या. चाळिसावा झाला. परस अगदी खायला उठायचं. एका सोमवारी पहाटे, का कोण जाणे, मी उठले आणि रोजाची नियत केली. नवऱ्यालाही नीट सांगितलं नाही, पित्त झालंय म्हटलं. दिवसभर अम्मांसारखी राबले, दातवण घासलं.

सांज झाली. बांग झाली. मी परसात पायरीवर बसून पाणी प्याले, तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. आक्का आता कमरेत वाकल्या होत्या, मला नुसता त्यांचा पदर दिसत होता.

"घेतलंस का गं पाणी?"

"घेतलं, आक्का," मी म्हटलं.